मोठी माणसं कुठे लपतात

९ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र गार्डमामांच्या जेवणाच्या डब्यातून येतंय, म्हणून मोकळेपणी लिहिते. आगगाडीच्या गार्डाचा डबा अजून तरी कुणी उघडून बघत नाही. तेलाचा डाग पडला असेल तर तो त्यांच्या भाजीचा. वाचून झालं की शेगडीत घाल.

भाऊला आणि वहिनींना नेल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. भाऊने छापखान्यात पत्रकं छापली, वहिनींनी ती वाटली, आणि कुणीतरी जाऊन सांगितलं. त्यांची टिटवी तेव्हा शेजारच्या शिंपिणीकडे फ्रॉकचं माप द्यायला गेली होती, म्हणून वाचली. शिंपिणीने तिला मागच्या दाराने माझ्याकडे आणून सोडलं. गळ्यात टेप तशीच लटकत होती बाईच्या.

अशा मुलांचं काय करतात ते तुला सांगायला नको. सरकारी बालगृहात नेतात, नाव बदलतात, आणि आईबापांना शिव्या घालायला शिकवतात. म्हणून पोर सध्या माझ्याकडे आहे, धुलाईच्या दुकानावरच्या वाळवणाच्या माळ्यावर. खाली मी पलटणीचे गणवेश धुते, वर ते वाळत असतात, आणि त्यांच्या मागे आपली भाची बसलेली असते. ज्यांनी बापाला नेलं त्यांच्याच पँटींच्या आडोशाला. हसावं की रडावं कळत नाही.

जिच्या बडबडीने भाऊचं डोकं उठायचं ती आता कुजबुजते. बूट घालायचे नाहीत, खिडकीशी जायचं नाही, दुकान उघडं असताना जागचं हलायचं नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या छताला पाय आहेत, हे गिऱ्हाइकांना कळलं नाही म्हणजे मिळवली.

ताई, हे फार दिवस निभायचं नाही. तुमचं घर गावाबाहेर, जलाशयाच्या काठी. शेजार नाही. भावोजींच्या पंपांची घरघर दिवसरात्र. तिथे पोर मोकळी खोकली तरी कुणाला ऐकू जाणार नाही. तिला घेऊन जा. भावोजींना विचार आणि कळव.

तुझी धाकटी


१७ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र वाचलं आणि शेगडीत घातलं. भाऊला मी किती वेळा सांगितलं होतं, आपण बरं, आपलं काम बरं. ऐकतो कुणाचं!

पोरीबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, पण यांचा स्वभाव तुला माहीत आहे. सरकारी नोकरी, राहतं घरही सरकारी. पाणीपुरवठ्याचा साहेब केव्हाही येऊन उभा राहतो. हे तयार होणार नाहीत. माझी तर फार इच्छा आहे गं, पण घरात माझ्या एकटीचं चालत नाही.

सोबत स्वेटर पाठवते आहे. बाह्या जरा लांब ठेवल्यात, वाढत्या अंगाची आहे. तिला गोष्टीची पुस्तकं दे, म्हणजे मन रमेल. थोडा धीर धर, दिवस पालटतात.

ताई


४ डिसेंबर

ताई,

स्वेटर मिळाला. छान झालाय. पण स्वेटरमध्ये पोर लपत नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. टिटवीला खोकला झाला. दुकानात गिऱ्हाईक आलं की ती तोंडात टॉवेलाचा बोळा कोंबते आणि डोळ्यांतून पाणी काढत बसते. मंगळवारी रात्री मी तिला पाठीला मलम चोळायला खाली आणलं होतं, दुकान बंद होतं. एवढ्यात दारावर थाप. पलटणीच्या साहेबाचा हवालदार. जिन्याकडे जायला वेळ नव्हता. मळक्या गणवेशांची वेताची पेटी आहे ना, तिच्यात मी पोरीला ढकललं, वरून दोन कोट टाकले, झाकण लावलं आणि त्यावर बसले.

हवालदार गप्पिष्ट. बिल्ला हरवला, बायको माहेरी गेली, सगळं सांगत बसला. मला खालून पेटी थरथरताना कळत होती. ती खोकला गिळत होती. आणि मी काय करत होते? हसत होते, ताई. त्याने काहीतरी पांचट विनोद केला, त्यावर टाळी द्यायचीच काय ती बाकी होती. तो उठायला लागला तर भीतीपोटी मीच म्हटलं, "बसा की, घाई काय आहे?" का म्हटलं, देव जाणे. घाई केली तर संशय येईल असं वाटलं असेल.

तो गेल्यावर झाकण उघडलं. पोर भिजली होती. नऊ वर्षांची पोर. साहेबाचा कोट ओला झाला म्हणून माझी माफी मागत होती. "मी धुते, आत्या, मी धुते," असं म्हणत ती खरंच कोट ओढायला लागली. तर मी काय करावं? मी तिच्या थोबाडीत दिली. का, तर ते ती मोठ्याने म्हणाली म्हणून.

तेव्हापासून ती मला विचारून खोकते.

भावोजींच्या पाया पडायला मी तयार आहे. तसं त्यांना सांग.

धाकटी


१२ डिसेंबर

धाकटे,

तुझं पत्र वाचलं. मी येते. यांचं काय ते मी बघून घेईन.

वीस तारखेला, रविवारी, दुकानाला सुट्टी असते. सकाळच्या बसने मी येईन, म्हणजे बारापर्यंत पोचते. परतीला गार्डमामांची दुपारची गाडी. गाडीतल्या त्यांच्या गार्डाच्या डब्यात पोरीला बसवू. सोबत बाई असली की कुणी वाकडं बघत नाही. कुणी विचारलंच तर माझी मुलगी म्हणेन. मूल झालं नाही म्हणून आयुष्यभर लोकांचे टोमणे ऐकले, आता एक दिवस आई होऊन बघते.

तिला सांग, मोठी आत्या येतेय. केस विंचरून ठेव.

ताई


२२ डिसेंबर

धाकटे,

काय लिहू? रविवारी पहाटे अंग फणफणलं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकवेना. तुम्ही दोघी वाट बघत बसला असाल या विचाराने तापातही तळमळत होते. अजून अशक्तपणा आहे. जरा बरं वाटलं की बघू.

पोरीला माझे आशीर्वाद.

ताई


२८ डिसेंबर

ताई,

तब्येतीला जप. गार्डमामांबरोबर तापाच्या गोळ्या पाठवते आहे, जेवल्यावर घे. उपाशीपोटी घेऊ नकोस, तुला पित्त होतं.

आम्ही वाट बघितली हे खरं. टिटवीने सकाळपासून कोट चढवला होता. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यावर पाय जुळवून बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मी खाली तिच्यासाठी पाव भाजत होते. दुपारी गाडीची शिटी झाली तेव्हा मी वर गेले आणि म्हटलं, "आत्याला काहीतरी अडचण आली असेल गं."  ती रडली नाही. कोट काढून त्याची घडी घातली आणि खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तेव्हापासून तिथेच बसते. जेवण अर्धं टाकते. विचारलं तर म्हणते, "काही नाही."

सोबत तिचं पत्र आहे. कपड्यांच्या खळीने तिनेच चिकटवलंय आणि मला म्हणाली, "तू वाचायचं नाहीस." तेव्हा मी वाचलेलं नाही. लहान झालं तरी माणूसच ते.

धाकटी


प्रिय मोठ्या आत्या,

तू बरी आहेस का? छोटी आत्या म्हणते की तुला ताप आला होता. मला माहीत आहे की तू आली होतीस. मी छोट्या आत्याला सांगितलं नाही.

मी खिडकीतून बघितलं. खिडकीशी जायचं नाही असा नियम आहे. पण तू येणार होतीस म्हणून मी एकदाच पडदा बाजूला केला. तू समोर चपलांच्या दुकानापाशी उभी होतीस. तपकिरी कोट होता आणि हातात चौकड्यांची पिशवी. तू वर बघितलंस आणि मी हात हलवला. मग कोपऱ्यावर दोन शिपाई आले. ते सिगारेट ओढत होते. मग तू चपला बघितल्यास आणि मग तू गेलीस. मला वाटलं की तू फिरून मागच्या दाराने येशील.

मी नियम मोडला म्हणून तू गेलीस ना? खिडकीत दिसणारी मुलगी घेऊन जाणं धोक्याचं आहे, हे मला नंतर कळलं. मी हात हलवायला नको होता. आता मी खिडकीशी अजिबात जात नाही. मी कोपऱ्यात बसते. खोकलाही कमी झाला आहे. मी आता खूप शहाणी झाले आहे, छोट्या आत्याला विचार. पण तिला खिडकीचं सांगू नकोस, ती रागवेल.

तू परत येशील का? मी या वेळी बघणार नाही.

तुझी टिटवी


४ जानेवारी

धाकटे,

या पाकिटात दोन कागद आहेत. लहान कागद टिटवीसाठी आहे. आधी तू वाच आणि मग तिला दे. त्यात लिहिलंय की तिची काही चूक नव्हती, खिडकीची नाही, हात हलवण्याचीही नाही. आत्या भ्याली म्हणून पळाली.

मला ताप आला नव्हता. मी आले होते.

तुझ्या दुकानासमोर उभी होते. पोरीने पडदा सारला. केवढीशी दिसली गं, आणि केवढी भाऊसारखी! तिने हात हलवला. तेवढ्यात दोन शिपाई आले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. कुणाचं लक्ष नव्हतं. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. मी दुकानदाराला विचारलं, "ही चप्पल केवढ्याला?" आणि त्याने सांगितलेलं न ऐकताच चालायला लागले. बसमध्ये बसेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की चक्कर मारून परत येऊ. बस सुटली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे तुला सांगायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आणखी एक. 'हे तयार होणार नाहीत' असं मी तुला लिहिलं होतं. मी यांना विचारलंच नव्हतं. नोव्हेंबरपासून एकदाही नाही. त्या रविवारीसुद्धा मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून निघाले होते.

पोरीचं पत्र वाचून मी काल पंपघरात गेले. हे वंगण घालत होते. मी पत्रच पुढे केलं. यांनी हात पुसले, चष्मा लावला, दोनदा वाचलं. म्हणाले, "मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतोही. मीही काही शूर नाही. पण विचारायचं तर होतंस. माझ्या नावावर नकार तू परस्पर देऊन टाकलास."

मग पुन्हा वंगण घालायला लागले. मला वाटलं, आता माझ्यावर तोंड टाकतील. जेवताना म्हणाले, "तिच्या पायाचं माप काय असेल? इथे ओल असते, गमबूट लागतील."

धाकटे, मला तुझ्यापुढे उभं राहायला तोंड नाही. पण पोरीला आणायचं आहे. कधी आणि कसं ते कळव.

ताई


९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि तासभर नुसती कपडे बडवत बसले. धुतलेले कपडे.

मी तुला गोळ्या पाठवल्या. पित्त होईल म्हणून जपायला सांगितलं. इथे पोर स्वतःला शिक्षा करून कोपऱ्यात बसली होती आणि तिकडे तू माझ्या गोळ्यांचं काय केलंस गं? गटारात टाकल्यास की कपाटात ठेवल्यास? भ्यालीस याचा मला राग नाही. मी रोज भिते, मी तर भीतीने लेकराला मारलंय. पण तुझ्या भीतीचं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर तीन आठवडे राहिलं आणि भावोजींच्या डोक्यावर दोन महिने. त्या बिचाऱ्यांना मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या!

बस. झालं बोलून. यापुढे बोलणार नाही.

तुझा कागद मी टिटवीला दिला. तिने दोनदा वाचला. मग कुजबुजत विचारलं, "मोठी माणसं भितात?"

म्हटलं, "फार."

"मग ती कुठे लपतात?"

 याचं उत्तर तुला सुचलं तर सांग.

आता ऐक. वेळ नाही. पलटणीने हुकूम काढलाय की त्यांचे गणवेश जिथे धुतले जातात त्या प्रत्येक दुकानात पहारा बसणार. कपडे चोरीला जातात म्हणे. सोमवार, अठरा तारखेपासून माझ्या दुकानात शिपाई राहणार, झोपायलाही. त्याची खाट माळ्याच्या जिन्याखाली लावणार आहेत. तू येऊ नकोस. रागाने म्हणत नाही. तुझे पाय पुन्हा अडले तर तिसरी संधी नाही. भावोजींना पाठव.

धाकटी


१९ जानेवारी

धाकटे,

पोचली. सुखरूप आहे.

कसं आणलं ते यांच्या तोंडून ऐकायला हवं होतंस, पण हे सांगतात कुठे! जे कळलं ते पोरीकडून. पाणीपुरवठ्याची गाडी घेऊन हे शनिवारी भरदुपारी तुझ्या मागच्या दाराशी आले, ते तू पाहिलंसच. पोरीला पुढच्या सीटखाली अवजारांच्या पोत्यांमागे झोपवलं. नाक्यावर गाडी अडवली. शिपाई म्हणाला, "उतरा, सगळं बाहेर काढा." हे म्हणाले, "काढतो की. साहेबांच्या बंगल्याचं पाणी सकाळपासून बंद आहे. न्हाणीघरात साबण लावून बसलेत. उशीर का झाला म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगतो. काय नाव तुझं?" शिपायाने नाव सांगितलं नाही. पुढे जा म्हणाला.

हे घरी आल्यावर मोरीत जाऊन ओकले. मग चहा मागितला.

मी दारात उभी होते. काय बोलायचं ते आठवडाभर घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. पोरगी गाडीतून उतरली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मी कुठे बसू?"

पाहुण्यांनी विचारावं तसं विचारते गं. पाणी पिऊ का? इथून गेलं तर चालेल? खोकू का? मी म्हणते, "अगं, तुझंच घर आहे." ती 'बरं' म्हणते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते. यांच्याशी मात्र बोलते. यांच्यामागे पंपघरात जाते, नट आवळायचे पाने हातात देते. माझ्याशी शहाण्यासारखी वागते. तिला कुणी सांगितलं असेल की आत्याच्या घरी शहाण्यासारखं वागायचं, नाहीतर ती ठेवून घेत नाही? कुणी सांगायला नकोच. मीच शिकवलंय ते तिला, चपलांच्या दुकानापाशी उभं राहून.

तुझा पहारेकरी कसा आहे?

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

पहारेकरी म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं आहे. घोरतं, आणि झोपेत आईला हाका मारतं. माझ्या घरात माणूस वाढलं तरी घर रिकामंच वाटतं. माळ्यावर कपडे वाळत घालायला गेले की अजून दबकत चालते, कुणाची तरी झोपमोड होईल असं वाटून. काल गणवेशाच्या खिशात तिची हेअरपिन सापडली. कुणा साहेबाकडे गेली असती तर! उशीखाली ठेवून दिली आहे.

ती शहाण्यासारखी वागते म्हणून रडू नकोस. तुला रडू येतंय असं दिसलं की ती आणखी शहाणी होईल. तिला काम सांग. चुकलं तर रागाव. मी तिला मारलं आणि मग महिनाभर फुलासारखं जपलं, त्यातलं दुसरंच तिला जास्त जड गेलं असावं.

भाऊ-वहिनींची काही खबर नाही. गार्डमामा स्टेशनांवर चौकशी करत असतात.

धाकटी


२१ फेब्रुवारी

धाकटे,

आज दुपारी जे झालं ते लगेच लिहिते आहे.

यांच्या पंपघरात पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते. टिटवीने ती फोडली. चेंडू आत न्यायचा नाही, असं सांगितलेलं होतं. मी खळ्ळ आवाज ऐकून गेले तर ही काचांमध्ये उभी. म्हणाली, "मी नाही केलं." चेंडू हातात!

मला तुझं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस."

"मग मीच फोडली," ती म्हणाली. आणि वाट बघत उभी राहिली.

मी म्हटलं, "असू दे, लागलं नाही ना?"

तर तिने पाय आपटला. "असू दे काय? रागाव ना! छोटी आत्या कानात रागवायची, मला काही समजायचंच नाही. तू नीट रागाव. मोठ्याने."

दोन्ही पंप चालू होते. त्या घरघरीत मी ओरडले. चेंडू आणायचा नाही म्हणजे नाही, डोळ्यात काच गेली असती म्हणजे, आतोबांना साहेबाची बोलणी खावी लागतील, काय काय ओरडले. आणि तिने भोकाड पसरलं. तिचा पूर्ण आवाज मी पहिल्यांदा ऐकला, भाऊ लहानपणी रडायचा तस्सा. हे हातातला पाना टाकून धावत आले.

मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने मला ढकललं. रडत रडत ओरडली, "तू का गेलीस? मी तुला हात केला होता! तू का गेलीस?"

मी म्हटलं, "भ्याले गं."

"ते माहीत आहे! पण का गेलीस?"

पुन्हा पुन्हा तेच विचारत होती आणि माझ्याजवळ तेवढं एकच उत्तर होतं. हे मधे पडायला लागले, मी हातानेच थांबवलं. तिने मला बुक्क्या मारल्या. मी मारू दिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, धाकटे, आणि तरी वाटत होतं की तिने थांबू नये. इतके दिवस ती हा प्रश्न स्वतःला विचारत होती. आज पहिल्यांदा मला विचारला.

शेवटी दमली. नाक पुसायला माझा पदर घेतला, विचारलं नाही. मग म्हणाली, "मला भूक लागली."

आता स्वयंपाकघरात बसून पाव खातेय आणि यांना सांगतेय की आत्या किती वाईट ओरडते. इथवर ऐकू येतंय.

ताई